१४ महिने, १८,००० किलोमीटर: रेस दिली तरी गाडी लगेच का उचलत नाही

जानेवारीतली गोष्ट. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. बराच वेळ मागं राहिलो. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला तेव्हा इंडिकेटर देऊन गाडी बाहेर काढली आणि रेस दाबली. पाय खाली गेला, गाडी मात्र होती त्याच वेगात. मग एकदम उचलली. मधला वेळ फार तर पाऊण सेकंद असेल. पण ताशी ६० च्या वेगात पाऊण सेकंदात गाडी साडेबारा मीटर पुढं जाते. तेवढं अंतर मी ट्रॉलीच्या चाकाला लागून, उलट्या बाजूला, वेग न वाढता गेलो. शेजारी बायको होती, मागच्या सीटवर दोन्ही मुलं. त्या दिवसापासून या विषयाचा मी पिच्छा सोडलेला नाही.

गाडी १.२ लिटरची पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही, गिअर हाताचे. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण हेच गाऱ्हाणं मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणखी तीन गाड्यांत स्वतः चालवून पाहिलंय. आमचं पंपाच्या स्पेअरचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा चंदगड, महिन्यातून एकदा कोल्हापूर आणि सासरवाडी वेंगुर्ल्याची, त्यामुळं हायवे, घाट आणि गल्ली तिन्ही ठिकाणी गाडी फिरते.

आधी आमच्याकडं २००५ ची मारुती ८०० होती. तिच्यात पेट्रोल इंजेक्शन होतं, पण रेस वायरीनंच. पायाखाली पेडल, पेडलला वायर, वायरीला इंजिनातल्या हवेच्या वाटेवरची प्लेट. पाय जेवढा हलला तेवढी प्लेट उघडली. ताकद बेताचीच, पण काय मागितलं आणि काय मिळालं ते तळपायाला कळायचं. नव्या गाडीत ती वायरच नाही. पेडलला दोन सेन्सर असतात. ते पाय किती दाबला ते कॉम्प्युटरला सांगतात, आणि प्लेट किती, केव्हा, किती वेगानं उघडायची ते कॉम्प्युटर ठरवून मोटरला हुकूम देतो. सेन्सर दोन एवढ्यासाठी की एकानं खोटं सांगितलं तर दुसऱ्याशी ताळा बसत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिन जपून, कमी ताकदीवर चालतं. ही सोय चांगलीच आहे. वायर अडकून रेस वाढलेली राहणं काय असतं ते आमच्या वडिलांनी कणकुंबीच्या पुढं अनुभवलेलं आहे.

पहिल्या सर्व्हिसला तक्रार केली. 'सगळ्या गाड्या अशाच असतात सर, सवय होईल' एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या सर्व्हिसला थ्रॉटल बॉडी, म्हणजे ती प्लेट बसते तो भाग, साफ करून दिली. इंजिनातली तेलकट वाफ परत आत येते, तिचा थर प्लेटच्या कडेला धरतो, म्हणून ते काम अधूनमधून करावंच. गाडी न्यूट्रलला जास्त शांत उभी राहू लागली, पण उशीर तसाच राहिला. घरी साफ करणार असाल तर चावी चालू ठेवून बोटानं प्लेट ढकलू नका. आतले दात प्लॅस्टिकचे असू शकतात, आणि मोटर अचानक फिरली तर बोट सापडेल.

मला खरं कळलं ते उद्यमबागेजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये. मिस्त्रींनी स्कॅनर लावला, गाडी चालवत चला म्हणाले आणि स्वतः शेजारी बसून स्क्रीनवर दोन रेषा लावल्या, एक पेडलची, दुसरी प्लेटची. मी तिसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना एकदम रेस दाबली. पेडलची रेष भिंतीसारखी सरळ वर गेली. प्लेटची रेष थोडी थांबली, मग चढावर चढल्यासारखी वर गेली. मिस्त्री म्हणाले, 'बघा की ओ, पायाचा सिग्नल दाबल्या दाबल्या जायलाय. प्लेटच सावकाश उघडायलीय. बिघाड काय नाही, कंपनीनंच असं बसवलंय.' मी विचारलं, 'मग हे काढता येतं काय?' तर म्हणाले, 'काढता येतंय, पण मग धूर तपासणीला आणि वॉरंटीला तुम्ही उत्तर द्यायचं.'

'असं बसवलंय' याचं कारण समजून घेतल्यावर माझा राग निम्मा झाला. पेट्रोलच्या गाडीतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या आसपास. प्लेट झटक्यात उघडली की हवा आधी घुसते, पेट्रोलचा मेळ मागून बसतो, आणि त्या क्षणाचा धूर घाण असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला, आणि २०२३ पासून तर धूर रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी चालवूनही मोजतात. म्हणून कॉम्प्युटर प्लेट दमानं उघडतो. शिवाय एकदम ताकद आली तर गाडी हिसका देते, गिअरबॉक्स आणि इंजिनच्या माउंटिंगवर मार बसतो. तोही हिसका कॉम्प्युटर आधीच गाळून टाकतो. गिअर बदलताना पाय काढला तरी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) लगेच पडत नाही, त्यामागंही असंच कारण आहे.

उशीर सगळ्यात जास्त कुठं जाणवतो तेही लक्षात आलं. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढून गाडी नुसती पुढं जाऊ दिली की इंजिन पेट्रोल बंदच करतं. पुन्हा रेस दिली की आधी पेट्रोल सुरू करायचं, मग हलकेच ताकद जोडायची, मग प्लेट उघडायची. ट्रॅक्टरच्या मागं मी नेमकं हेच करत होतो: पाय काढून वाट बघत होतो, आणि जागा दिसली की एकदम दाबत होतो. वर चौथा गिअर.

उंचीचं खापरही फोडून बघितलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ८ ते ९ टक्क्यांनी कमी. बिनटर्बोच्या इंजिनाला तेवढी हवा कमी, म्हणजे ताकदही कमी. आंबोली उतरून सावंतवाडीला पोचलं की आमची गाडी खरंच मोकळी पळते. पण वेंगुर्ल्यात, अगदी समुद्राजवळच्या रस्त्यावर मुद्दाम करून पाहिलं: पाय दाबल्यापासून उचलेपर्यंतचा उशीर तेवढाच. तेव्हा उंचीमुळं ताकद कमी पडते, उशीर नाही. या दोन तक्रारी लोक एकत्र करतात, आणि मग सर्व्हिसवाले त्यातल्या सोप्या तक्रारीचं उत्तर देऊन मोकळे होतात.

पेडल आणि त्याच्या सॉकेटच्या मध्ये बसणारा एक छोटा बॉक्स मिळतो, तोही दोन महिने वापरला. तो इंजिनाला काही करत नाही. तुम्ही ३० टक्के पाय दाबला तर कॉम्प्युटरला ५० टक्के सांगतो, एवढंच. पहिल्या दिवशी वाटलं, गाडी बदलली. आठवड्यानं कळलं की पाय पूर्ण दाबल्यावर जे मिळत होतं तेच मिळतंय, आणि पेट्रोल सुरू होण्याचा तो सुरुवातीचा थांबा तसाच आहे. गणपत गल्लीच्या गर्दीत तर क्लच सोडता सोडता गाडी उड्या मारायची, आणि मुलगी मागून ओरडायची. काढून ठेवला. पैसे गेले. तुम्ही घेणार असाल तर आधी कुणाच्या तरी गाडीत बसलेला चालवून बघा.

आता मी काय करतो ते सांगतो. ट्रॅक्टरच्या अगदी मागं चिकटत नाही, अंतर ठेवतो. जागा येणार असं वाटलं की आधीच तिसरा गिअर टाकून हलकी रेस धरून ठेवतो, म्हणजे पेट्रोल बंद होत नाही आणि आरपीएम ३,००० च्या आसपास राहतो. मग गाडी उचलायला लागल्याची खात्री झाल्यावरच बाहेर काढतो. आधी बाहेर काढून मग रेस, हा जुना क्रम मोडला. या पद्धतीनं उशीर जवळजवळ जाणवत नाही, हे मी या गळीत हंगामात शिनोळी, पाटणे फाट्याच्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा बघितलंय. चोर्ल्याच्या चढावर गाडी उभी करून निघताना हँडब्रेकच वापरायचा. उजव्याच पायानं टाच-पंजा करून ब्रेक आणि रेस एकत्र दाबायची जुनी युक्ती आमच्या गाडीत चालत नाही. ब्रेक दाबलेला असला की कॉम्प्युटर रेस मानतच नाही.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. हायवेला निपाणी-कोल्हापूर १९ चं ॲव्हरेज, गावात १४. एसी उत्तम. जुलैत जांबोटीच्या पुढं चिखलाच्या चढावर चाक घसरायला लागलं तेव्हा कॉम्प्युटरनं स्वतःच रेस कमी करून गाडी सरळ ठेवली. वायरीच्या गाडीत ते इतक्या सहज जमलं नसतं.

पण कंपन्यांनी हे विकतानाच सांगायला पाहिजे, हे माझं म्हणणं कायम आहे. मायलेज, टचस्क्रीन, सनरूफ सगळं सांगतात. रेस दाबल्यावर ताकद यायला किती वेळ लागतो हे सांगत नाहीत, आणि आमच्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर त्याच्यावरच सगळं अवलंबून असतं.

मेहुण्याला गाडी घ्यायची आहे. पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर टेस्ट ड्राइव्हला जातोय. शोरूमवाले हायवेवर एक सरळ चक्कर मारून आणतात. आम्ही हिंडलगा ओलांडून सुळग्याच्या बाजूला जाऊ म्हणून सांगितलंय. तिथं चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढून, थोडं थांबून, मग एकदम रेस दाबायची आणि मनात आकडे मोजायचे. तसंच पुन्हा तिसऱ्यात.