देवपुरातल्या घरात ईआरव्ही बसवली, त्याचा अनुभव

आधीच सांगते, ईआरव्ही हे बंद घरात ताजी हवा आणणारं यंत्र आहे, एसी नव्हे. याने खोली गार होत नाही. आणि ज्यांच्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो त्यांनी यावर एक रुपयाही घालू नये. कूलर बाहेरचीच हवा आत ढकलतो, त्यासाठी खिडकी उघडीच ठेवावी लागते, म्हणजे ताज्या हवेचा प्रश्नच उरत नाही. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या धुळ्यात कूलरसारखी स्वस्त सोय दुसरी नाही.

आमच्याकडे मात्र कूलर बंद करावा लागला. नळाला रोज पाणी नाही, आणि सासऱ्यांच्या दम्याला ती ओलसर, धुळीची हवा सोसेना. एसी घेतले, घट्ट मिटणाऱ्या यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवल्या. त्यानंतर सकाळी उठलं की सगळ्यांची डोकी जड. मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवलं नाही. कार्बन डायऑक्साइडचं मीटर आणून उशाशी ठेवलं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. आमच्या बंद बेडरूममध्ये पहाटे २,४०० दिसला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची जराही आत घेत नाही, हे कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसतं. खिडकी उघडावी तर ४३ अंशांची झळ आणि आग्रा रोडची धूळ.

म्हणून ईआरव्ही, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर. पेटीत दोन पंखे. एक घरातली वापरलेली हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा आत आणतो. दोन्ही प्रवाह मधल्या गाभ्यातून पातळ पडद्यांच्या अल्याड-पल्याड जातात, एकमेकांत मिसळत नाहीत. जाणारी गार हवा येणाऱ्या गरम हवेची उष्णता घेऊन बाहेर पडते. थंडीत नेमकं उलट. आपल्या धुळ्याला हे दुहेरी लागू पडतं, कारण मे महिन्यात भाजून काढणारं हेच गाव जानेवारीत पहाटे सात-आठ अंशांवर उतरतं.

आमचे आकडे देते. मे महिन्यात दुपारी बाहेर ४३, घरात २७. जाळीतून येणारी ताजी हवा ३१.५ अंशांची. म्हणजे फरकाचा ७२ टक्के भाग यंत्रानं अडवला. आमच्या १०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवेसाठी एसीवरचा हा बोजा एरवी साधारण पाव टनाचा झाला असता, आता त्याच्या चतुर्थांशापेक्षा थोडाच जास्त राहतो. जानेवारीत बाहेर ७, घरात २०, आत येणारी हवा साडेसोळा. दोन्ही पंखे मिळून ६० वॅट खातात, त्यामुळे लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालू राहतात. आणि बेडरूममधला पहाटेचा आकडा आता ८५०च्या आसपास असतो. सासरे रात्री उठून बसत, ते खूप कमी झालंय. त्यात स्वच्छ हवेचा वाटा किती आणि कूलर गेल्याचा किती, ते मला वेगळं काढता येणार नाही, पण माणूस झोपतोय.

खरी परीक्षा बसवण्याची असते. यंत्र कुणीही विकेल. आधी आलेल्या विक्रेत्यानं ताजी हवा घेण्याचं भोक आणि घाण हवा सोडण्याचं भोक एकाच भिंतीवर दीड फुटाच्या अंतरानं आखलं होतं. घरानं टाकलेली हवा घरानंच परत ओढली असती. त्याला नाही म्हटलं आणि नाशिकच्या माणसांना बोलावलं. त्यांनी आत घ्यायची हवा मागच्या कडुनिंबाच्या बाजूनं घेतली, सोडायची रस्त्याच्या बाजूला. पेटी बाथरूमवरच्या माळ्यात रबरी पॅडवर टांगली. पाणी सोडत फिरणाऱ्या डायमंड कोअर कटरनं नऊ इंची भिंतीतून विटेचा अख्खा गोल तुकडा काढला, आतला सिमेंटचा थर आणि बाहेरचा रंग तसाच शाबूत. भोकाला बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिला, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. आमचा नेहमीचा गवंडी बाजूला उभा राहून म्हणाला, "ताई, नवी भीतले इतला मोठा भोक कसाले?" दुपारी त्यानंच आपणहून कडा गिलावा करून बंद केल्या.

सुतारानं बेडरूमचे दरवाजे खालून जेमतेम सेंटिमीटरभर रंधून काढले. हे काम लोक टाळतात, पण हवा बेडरूममध्ये सोडायची आणि बाथरूममधून ओढायची असेल तर तिला मधून वाट हवीच. शेवटी तंत्रज्ञानं छोटं चक्रीचं मीटर प्रत्येक जाळीसमोर धरून हवा मोजली, जाळीची तबकडी फिरवून कमी-जास्त केली. मुलीच्या खोलीत घरघर येत होती. पाइप काटकोनात वळवला होता. न भांडता ते पुन्हा आले, एका काटकोनाऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड टाकले, आवाज गेला. याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक.

फिल्टर मात्र बघावा. एप्रिलमध्ये वावधान सुटलं की महिन्याभरात पांढरा जाड फिल्टर विटकरी होतो. कपाशीच्या हंगामात बाहेर काढला तर वरच्या घडीत बारीक तंतू, मधोमध काजळीची रेघ, आणि कोपऱ्यात निंबाची वाळकी पानं. हे सगळं आधी आपल्या छातीत जात होतं. जाड फिल्टर झटकून, धुऊन परत लावता येतो. मागचा बारीक धूळ अडवणारा एफ-७ दर्जाचा फिल्टर धुता येत नाही, बदलावाच लागतो. मधला गाभाही धुवायचा नसतो, नुसता व्हॅक्यूमनं साफ करायचा.

स्वयंपाकघराची हवा याला जोडू नका. काळ्या मसाल्याची फोडणी आणि तेलाची वाफ त्या पडद्यांचं वाटोळं करेल. आमची चिमणी वेगळी आहे. भरिताची वांगी तर अंगणात कपाशीच्या काट्यांवरच भाजतो, आणि तेवढ्या वेळेपुरतं यंत्र बंद.

पावसाळ्यात याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. गाभा थोडी आर्द्रता परत बाहेर नेतो, पण घर कोरडं करत नाही. बायपासची झडप मात्र अवश्य घ्या. मार्चच्या रात्री बाहेर गार आणि घर तापलेलं असतं, तेव्हा उष्णतेची अदलाबदल नकोच असते. झडप उघडली की गार हवा थेट आत येते.

मशीन, पाइप, मजुरी, जीएसटी धरून पावणेदोन लाख लागले. ही किंमत जास्त आहे. सेवा केंद्र धुळ्यात नाही, फिल्टर कुरिअरनं मागवावे लागतात, आणि माणूस आला तर नाशिकहून येण्या-जाण्याचे पैसे वेगळे. यात कंपनीनं सुधारणा करायला हवी. घराचं बांधकाम चालू असतानाच पाइप टाकून घेतले तर तोडफोडीचा खर्च तरी वाचेल.

शेवटचा हप्ता मोजमापाचा कागद हातात पडेपर्यंत देऊ नका. आमचा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, आकडे सीएफएममध्ये: हॉल ३०, सासऱ्यांची खोली २५, आमची २५, मुलीची २०, बाहेर जाणारी हवा एकूण १००. फिल्टर बदलला की मी त्याच्याशी ताडून बघते.