वेतन करारासाठी सरकारी समेट सेवा कितपत उपयोगी? पुण्यातील एका युनियन पदाधिकाऱ्याचा अभिप्राय

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातील कारखान्यांमध्ये वेतन कराराची मुदत संपली आणि बोलणी अडली, की कामगारांसमोर सहसा दोनच नावे येतात: एक बाहेरच्या मोठ्या नेत्याचे आणि दुसरे वकिलाचे. कामगार आयुक्तालयातील समेट अधिकाऱ्यांचे, म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवून आणणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचे, नाव फार उशिरा घेतले जाते आणि घेतले तरी 'तिथे नुसत्या तारखा मिळतात' असे म्हणून सोडून दिले जाते. आमच्या युनियनने वेतन आणि महागाई भत्त्याचा वाद याच मार्गाने मिटवला. त्या अनुभवावरून या सेवेविषयी लिहीत आहे. माझे मत आधीच स्पष्ट करतो: पगारवाढ आणि भत्त्यांच्या वादासाठी ही सेवा अवश्य वापरावी, परंतु आपला हिशेब आपण तयार करून नेला तरच तिचा उपयोग होतो.

आमचा कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवणारा, मध्यम आकाराचा आहे. कराराची मुदत संपल्यावर आम्ही मागणीपत्र दिले होते. त्यात मूळ वेतनातील वाढ, हजेरी भत्ता, पाळी भत्ता अशा नेहमीच्या बाबी होत्याच, पण खरा पेच महागाई भत्त्याचा होता. जुन्या करारात हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला होता आणि प्रत्येक अंकाच्या वाढीमागे ठरावीक रुपये मिळत होते. हा निर्देशांक केंद्र सरकारचा लेबर ब्युरो देशभरातील 88 केंद्रांमधील किमतींवरून काढतो आणि पुणे हेही त्यांपैकी एक केंद्र आहे. सप्टेंबर 2020 च्या निर्देशांकापासून ब्युरोने 2001 हे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती 100 धरून पुढची वाढ मोजतात ते वर्ष) सोडून 2016 हे आधारवर्ष घेतले. ऑगस्टपर्यंत 338 वर असलेला आकडा त्यामुळे एकदम 118 च्या आसपास आला. महागाई काही कमी झाली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. म्हणूनच ब्युरोने दोन मालिकांना जोडणारा 2.88 हा लिंकिंग फॅक्टर त्याच वेळी जाहीर केला होता.

आमच्या व्यवस्थापनाने नवी मालिका घेतली, पण अंकामागचा जुना दर तसाच ठेवला. समजण्यासाठी असे धरू की करारात एका अंकाला 3 रुपये आहेत. नव्या मालिकेत निर्देशांक 118 वरून 128 वर गेला, तर व्यवस्थापनाच्या हिशेबाने दहा अंकांचे 30 रुपये होतात. प्रत्यक्षात ते दहा अंक जुन्या मालिकेतील 28.8 अंकांइतके असतात आणि करारानुसार 86 रुपये 40 पैसे देय होतात. हा फरक प्रत्येक कामगारामागे दरमहा पडतो आणि निर्देशांक वाढेल तसा वाढत जातो. पगारपत्रकावर मात्र भत्ता कमी झालेला दिसत नाही, केवळ हळू वाढताना दिसतो, त्यामुळे कित्येक महिने कोणाच्याच लक्षात आले नाही. ज्या कारखान्यांचे करार 2020 पूर्वीच्या भाषेत लिहिलेले आहेत, तेथील कामगारांनी आपले पगारपत्रक एकदा या दृष्टीने तपासावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमचा वाद औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 खाली चालला. या सेवेला शुल्क नाही, आणि माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समेटाच्या कामकाजात कोणत्याही पक्षाला वकील उभा करता येत नाही. कलम 36 मधील ही तरतूद अनेक कामगारांना ठाऊकच नसते. व्यवस्थापनातर्फे मनुष्यबळ विभागाचे अधिकारी आणि हिशेबनीस, आमच्यातर्फे युनियनची कमिटी आणि मध्ये समेट अधिकारी, अशी ती बैठक असते. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या पगाराविषयी स्वतःच्या भाषेत बोलता येते, आणि समोरच्याला कायद्याच्या शब्दांआड जाता येत नाही. कारखान्याच्या आत झालेल्या बोलण्यांमध्ये 'वर विचारून सांगतो' हे उत्तर आम्ही फार वेळा ऐकले होते. येथे मात्र म्हणणे लेखी द्यावे लागले आणि ते नोंदीवर राहिले.

समेट अधिकाऱ्यांनी आमच्या बैठकांत केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे त्यांनी दोन्ही बाजूंना एकाच कागदावर आकडे मांडायला लावले. जुनी मालिका, नवी मालिका, लिंकिंग फॅक्टर आणि अंकामागचा दर असे चार स्तंभ झाले, तेव्हा वादाचे अर्धे कारण उरलेच नाही, कारण 2.88 हा आकडा सरकारने जाहीर केलेला होता आणि तो नाकारण्याला व्यवस्थापनाकडे आधार नव्हता. अधिनियमाच्या कलम 11 नुसार समेट अधिकाऱ्यांना कागदपत्रे मागवून तपासण्याचे आणि व्यक्तींना हजर राहायला लावण्याचे अधिकार होते. त्या अधिकारांची आठवण करून देण्यापलीकडे जावे लागले नाही. भत्त्यांच्या बाबतीत कामगारांना अपायकारक बदल करायचा तर कलम 9अ खाली 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे, हा आमचा दुसरा मुद्दा होता, आणि तशी नोटीस कधीच दिलेली नव्हती.

एवढे सांगितल्यावर या सेवेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. समेट अधिकारी निवाडा देत नाहीत. ते समजावतात, सुचवतात, बाजूला बसवून बोलतात, पण मालकाला 'इतकी वाढ द्या' असा आदेश देण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच दिलेला नाही. कलम 12 मध्ये समेटासाठी 14 दिवसांची मुदत लिहिलेली होती, परंतु वेतन कराराच्या वादात दोन्ही बाजू आपापल्या मागण्या सोडत सोडत एका आकड्यावर येईपर्यंत ही मुदत सहसा पुरत नाही. ज्या पक्षाला वेळच काढायचा आहे त्याच्यावर चर्चेचा वचक मर्यादितच राहतो. समेट अयशस्वी झाला की अहवाल शासनाकडे जाई आणि शासनाने निर्देश दिल्याखेरीज प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पोहोचत नसे. या टप्प्याने राज्यातील पुष्कळ युनियनांची उमेद खच्ची केली आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि हा टप्पा बदलला. समेटासाठी आता 45 दिवस आहेत, संपाची नोटीस दिलेली असेल तर 14 दिवस, आणि समेट फसल्यास अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत पक्षकाराला थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कामगारांच्या दृष्टीने ही सुधारणा आहे असे मी मानतो. त्याच संहितेने दुसरीकडे संपाचा मार्ग अरुंद केला आहे: कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत 14 दिवसांची नोटीस आवश्यक झाली आणि समेट चालू असताना व तो संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. म्हणजे समेटाच्या टेबलाचे महत्त्व वाढले आणि त्या टेबलावर रिकाम्या हाताने जाण्याचा धोकाही वाढला.

रिकाम्या हाताने म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगतो. वाद दोन प्रकारचे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की कामगारांचे नुकसान होते. एक वाद हक्काचा असतो: करारात लिहिलेले पैसे मिळाले नाहीत. दुसरा वाद अपेक्षेचा असतो: पुढच्या करारात वाढ किती मिळावी. पहिल्यात तडजोडीला जागा थोडी असते, दुसऱ्यात सगळीच तडजोड असते. आमच्या व्यवस्थापनाचा प्रयत्न असा होता की महागाई भत्त्याची थकबाकी नव्या वाढीतच धरावी, म्हणजे आमचेच पैसे आम्हाला वाढ म्हणून मिळावेत. आम्ही दोन्हींचे तक्ते वेगळे ठेवले होते आणि प्रत्येक बैठकीत ते वेगळेच ठेवण्याचा आग्रह धरला. अखेर अंकामागचा दर 2.88 ने गुणून नव्या मालिकेवर नेण्यात आला, फरकाची रक्कम हप्त्यांनी देण्याचे ठरले आणि पगारवाढीचा आकडा त्यापासून स्वतंत्र राहिला. वाढ आमच्या मागणीपेक्षा कमीच मिळाली. हजेरी भत्त्याच्या अटीही थोड्या कडक झाल्या, आणि हे मला आजही पसंत नाही, कारण आजारी पडणाऱ्या माणसाचा पगार त्याने कापला जातो.

वाढ कोणत्या शीर्षाखाली मिळते हेही आता पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहावे लागते. वेतन संहिता, 2019 मधील व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ वेतन लहान ठेवून भत्ते फुगवण्याच्या जुन्या पद्धतीला त्यामुळे आळा बसेल. तरीही मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांतच जास्तीत जास्त वाढ मागावी, हा सल्ला मी कोणत्याही कमिटीला देईन.

ही सेवा वापरण्याचे सर्वांत ठोस कारण मात्र सहीच्या दिवशी कळते. मालक आणि युनियन यांनी आपसांत केलेला करार फक्त त्या दोघांनाच बांधतो. समेटाच्या कामकाजात झालेला करार, जुन्या अधिनियमाच्या कलम 18(3) नुसार, कारखान्यातील सर्व कामगारांना लागू होतो, मग ते युनियनचे सभासद असोत वा नसोत, आणि पुढे कामाला लागणाऱ्यांनाही लागू होतो. आमच्याकडे काही कामगार युनियनबाहेर होते आणि त्यांना वेगळा, कमी दर देऊन फूट पाडण्याची शक्यता या एका तरतुदीने संपली. म्हणूनच कारखान्यात बसून बोलणी यशस्वी झाली, तरी सही मात्र समेट अधिकाऱ्यांसमोरच करावी.

सहीपूर्वी कराराचा मसुदा कमिटीने घरी नेऊन वाचावा. निर्देशांकाची मालिका आणि आधारवर्ष, अंकामागचा दर, पुढे आधारवर्ष पुन्हा बदलल्यास ब्युरोने जाहीर केलेला लिंकिंग फॅक्टर आपोआप लागू होईल असे वाक्य, फरकाच्या हप्त्यांच्या तारखा आणि कराराची मुदत, या गोष्टी त्यात शब्दांत लिहिलेल्या हव्यात. सहीची प्रत युनियनच्या दप्तरात ठेवावी आणि फलकावरही लावावी. ठरलेला हप्ता चुकला, तर करारानुसार देय रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करून मिळण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते, म्हणून हप्त्यांच्या तारखांची नोंद खजिनदाराच्या वहीत पहिल्याच दिवशी झालेली असावी.