केस इंटरव्ह्यूच्या क्लासला फी भरावी का? नौपाड्यातल्या क्लासचा अनुभव, नोकरीला वर्ष झाल्यावर

क्लास संपल्या संपल्याच रिव्ह्यू लिहिणार होते, पण तेव्हा नोकरी लागली नव्हती, मग लागली, आणि आता कन्सल्टिंगमध्ये (म्हणजे कंपन्यांना धंद्याबद्दल सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये) ज्युनिअर अ‍ॅनालिस्ट म्हणून चौदा महिने झालेत. आत्ता लिहिलेलंच बरं, कारण तिथे शिकवलेलं कामात किती येतं हे कामाला लागल्याशिवाय कळतच नाही. क्लासचं नाव देत नाहीये, काही गोष्टींवर मी नाराज आहे आणि उगीच कोणाचं नाव नको. ठाण्यात नौपाड्यात आहे एवढं पुरे.

बॅच शनिवार-रविवार, आठ आठवडे, फी १४ हजार. बॅचमध्ये १२ जण असतील म्हणाले होते, आम्ही १९ होतो. सहा मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू मिळतील सांगितलेलं, मला तीन मिळाले आणि त्यातला एक दुसऱ्या विद्यार्थ्यानेच घेतला. १४ हजार आईने भिशीतून काढून दिले होते, त्यामुळे हे मला लागलं आणि अजून लागतं. फी भरायच्या आधी मॉक किती, कोण घेणार, हे लिहून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कन्सल्टिंगच्या नोकरीसाठी केस इंटरव्ह्यू घेतात, म्हणजे समोरचा एक धंद्याचा प्रश्न देतो, अमुक कंपनीची विक्री वाढतेय पण नफा घटतोय, का ते शोधा, आणि तुम्ही अर्ध्या तासात मोठ्याने विचार करत तो सोडवायचा. दुसरा प्रकार गेस्टिमेट, म्हणजे अंदाजाने मोठा आकडा काढायचा. क्लासची बहुतेक उदाहरणं अमेरिकेतली एअरलाइन आणि कॉफी शॉपवाली, ती माझ्या डोक्यावरून गेली. पण सरांनी एकदा विचारलं ठाण्यात पोळी-भाजी केंद्रं किती असतील, आणि तो तास मला अजून आठवतो.

२०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या साधारण १८.४ लाख. घरात चार माणसं धरली तर ४.६ लाख घरं. दहातलं एक घर रोज पोळ्या विकत आणतं असं मानलं तर ४६ हजार घरं, घरटी १० पोळ्या, झाल्या ४.६ लाख. एका केंद्रात रोज १,५०० पोळ्या होत असतील तर ३००च्या आसपास केंद्रं. आम्ही खूश. सर म्हणाले, ताळा केलात का? शाळेत भागाकाराचा ताळा करायचो तोच शब्द. मग त्यांनी उलट बाजूने धरलं, केंद्रात चार बायका, एक बाई तासाला १०० पोळ्या लाटते, चार तास काम, म्हणजे १,६००. बरं, १,५०० चा अंदाज तरतोय. मग म्हणाले आता खाली जा आणि केंद्रं मोजून या, आणि आम्ही खरंच गोखले रोड, राम मारुती रोड करत घंटाळीपर्यंत मोजत फिरलो. दहातलं एक घर हा आकडा आम्ही हवेतून घेतला होता, हे कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं आणि सरांनी ते सांगितलं.

बाकी निम्मे तास फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे विचार मांडायच्या ठरलेल्या साच्यांमध्ये गेले. मीसी (म्हणजे घरखर्च मांडताना कुठलाच खर्च दोनदा धरायचा नाही आणि एकही सुटायचा नाही, तीच गोष्ट) हे चांगलं समजावलं, ते मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांच्या नावावर आहे आणि उत्तर आधी, कारणं मागून ही मांडणीही त्यांचीच, ती मी ईमेल लिहितानासुद्धा वापरते. पण बीसीजी या दुसऱ्या कन्सल्टिंग कंपनीची १९७० सालची, कंपनीच्या धंद्यांची वर्गवारी करणारी ती तारा, गाय, कुत्रा, प्रश्नचिन्हवाली चौकट दोन तास घोकून घेतली, ती चौदा महिन्यांत एकदाही उघडली नाही.

आता काम खरं कसं असतं. माझं पहिलं प्रोजेक्ट ऐरोलीत क्लायंटच्या ऑफिसात, त्यामुळे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून जायचे, यायला रात्रीचे अकरा. दिवसातला मोठा भाग डेटा मागण्यात, आलेला डेटा साफ करण्यात आणि स्लाइडखाली सोर्स लिहिण्यात जातो. कंपनी वितरणातली, सात डेपो, प्रत्येकाची एक्सेल शीट वेगळ्या नमुन्याची. सगळं एकत्र लावल्यावर मला दिसलं की बाकीचे डेपो दोन-तीन टक्क्यांनी वाढलेत आणि भिवंडी १८. मी तर स्लाइडचं टायटलच ते केलं, भिवंडीची वाढ इतरांच्या निदान सहापट. सकाळी मॅनेजरने एकच विचारलं, का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेपोच्या अकाउंटंटकाकांना फोन लावला तर म्हणाले, "अहो मॅडम, यावर्षीपासून आमच्या शीटमध्ये जीएसटी धरून आकडा असतो, मागच्या वर्षी जीएसटी सोडून होता, आम्हाला कोणी विचारलंच नाही."

त्या मालावर जीएसटी १८ टक्के. माझी वाढ १८ टक्के. म्हणजे भिवंडी वाढलीच नव्हती. ती स्लाइड तशीच क्लायंटच्या मीटिंगला गेली असती तर त्या डेपोला वेगळं टार्गेट लागलं असतं, खरी माणसं आहेत तिथे, मला त्या रात्री झोप नाही आली. चूक माझी होती. नौपाड्यात सर आठ आठवडे ताळा ताळा म्हणत होते आणि मी डेपोच्या मालाचा खप नगांमध्ये बघून रुपयांशी ताडला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलमध्ये पहिली शीट ताळ्याची ठेवते, बेरीज जुळते का, लाख आहे की कोटी, टॅक्स आत की बाहेर, नग किती. आमच्या टीममध्ये आता सगळेच तिला ताळा शीट म्हणतात, मॅनेजर तमिळ आहेत तरी.

म्हणून माझं मत असं, की त्या सरांचे तास पूर्ण पैसे वसूल, बाकी क्लास नाही. जे शिकवलं नाही त्याची मोठी उणीव जाणवते. एक्सेल अजिबात नाही, पिव्होट, लुकअप मी रात्री जागून शिकले. स्लाइडचं टायटल म्हणजे विषयाचं नाव नसतं, निष्कर्षाचं पूर्ण वाक्य असतं, हेही ऑफिसात कळलं. आणि अकाउंटंटकाकांशी बोलायचं कसं, त्यांचा महिनाअखेरचा गोंधळ चालू असताना फोन करायचा नाही, आधी त्यांची शीट कशी बनते ते विचारायचं, हे तर कुठल्याच क्लासच्या पत्रकात नसतं.

आणखी एक गोष्ट क्लासने स्पष्ट सांगायला हवी होती. मोठ्या नावाच्या कंपन्या जास्त करून ठरावीक कॉलेजांच्या कॅम्पसवरून मुलं घेतात. ठाण्यातल्या कॉलेजातून बीकॉम, बीएमएस केलेल्यांना बाहेरून अर्ज करावा लागतो, ओळखीतून रेफरल लागतं, किंवा छोट्या फर्ममधून, रिसर्चच्या कामातून आत यावं लागतं. मी छोट्या फर्ममधूनच आले. आमच्या बॅचला वाटत होतं आठ आठवडे केले की दार उघडेल, दोघं जण त्या भरवशावर असलेली नोकरी सोडून बसले होते. त्याबद्दल मला क्लासचा राग आहे.

पाचपैकी तीन. केस म्हणजे काय हेच माहीत नसेल आणि सोबत सराव करायला कोणी नसेल तर जा. दोन-तीन मित्र तयारी करत असतील तर एकमेकांचे मॉक घ्या, १४ हजार वाचवा. गेलातच तर रविवार सकाळची बॅच मागा, ती सर स्वतः घेतात, आणि चौकटीची वही न्या, कॅल्क्युलेटर ते दारातच ठेवायला लावतात.