जुनी मंगलोरी कौलं: बेळगावची एक वखार, माल आणि मालक

जुन्या चर्चचं, वाड्याचं नाहीतर शाळेचं छप्पर दुरुस्त करायचंय आणि कौलाला कौल बसायला हवंय, तर पाडलेल्या इमारतींचं सामान विकणारी बेळगावची ही वखार एकदा बघाच. माल चांगला. मालकाच्या गोष्टी मात्र हसून सोडून द्यायच्या, आणि पक्क्या बिलाचं आधीच बोलून घ्यायचं.

मी निपाणीकडच्या एका खेड्यातल्या मंडळीची खजिनदार. आमच्या चर्चला मनोरा-बिनोरा काही नाही. दगडी भिंती, दुपाखी छप्पर, रविवारी उपासना आणि बाकी दिवस शाळा, अशी जुनी मिशनची सोय. पुलपिटामागं कितीही चुना काढा, फळ्याचा काळा चौकोन वर येतोच. यंदा माकडांनी उत्तरेकडची पाख पार नासवली. शाकारणीला बसलेला गडी म्हणाला, नवीन कौलं या खाचांत बसायची नाहीत. बरोबर बोलला. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच वेगळी. जबरदस्तीनं बसवली की पहिल्याच वळवाला पाणी आत.

वखारीत कौलांच्या थप्प्या छापाप्रमाणं वेगळ्या लावल्यात, हे मला फार आवडलं. मालकांनी एक उलटं करून दाखवलं. मागं ठसा: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. "अक्का, दीडशे वर्षांचा माल. तुमचं चर्चपण तेव्हाचंच असणार!"

अहो अण्णा, 1865 हे या स्विस मिशनचा मंगलोरला कारखाना सुरू झाल्याचं साल. ते पुढची कितीतरी वर्षं ठशात तसंच राहिलं. आणि आमच्या निपाणीकडं तेव्हा चर्च कुठलं? बेळगावात लंडन मिशन 1820 लाच आलं खरं, जोसेफ टेलर यांच्या वेळी. त्यांचं काम 1904 मध्ये अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं. धारवाड-हुबळीकडं 1837 पासून बासेलवाले. आमची निपाणीची बाजू कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियनांची. मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले 1852 ला, आणि निपाणीत मिशनचं ठाणं झालं ते थेट विसाव्या शतकात. मुलूख असा वाटून घेतलेला. त्यामुळंच 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो तरी आमचं धर्मप्रांताचं कार्यालय कोल्हापूरलाच राहिलं. पाळकसाहेबांची बदली महाराष्ट्रातनं होते आणि शाळेची पत्रं कन्नडमध्ये येतात. असो.

मग अमेरिकनांच्या चर्चवर बासेलचं कौल कसं? कारण कौल हा सरळ धंदा होता. धर्मांतर केलेल्यांना जातीबाहेर टाकायचे, पिढीजात काम सुटायचं. त्यांच्या हाताला काम म्हणून मिशननं विणकाम काढलं, कौलांचे कारखाने काढले. ते कौल मग कचेरीवर चढलं, धर्मशाळेवर चढलं, आमच्यावरही चढलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं बासेलचा हा सगळा कारभार ताब्यात घेतला आणि पुढं तो कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेला. म्हणून वय ताडायचं तर साल बघू नका, नाव बघा. 'कॉमनवेल्थ' असेल तर माल युद्धानंतरचा.

आम्ही घेतली ती बासेलची, 22 रुपये नग. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात, फुटीसाठी थोडी जास्त धरा. ठशावर भाळून निवडू नका. कौल एका हातात लोंबतं धरून बोटाच्या पेरानं वाजवा: टण्ण वाजलं तर घ्या, भद्द वाजलं तर आत तडा आहे. मी एकेक वाजवत बसले तेव्हा मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण अडवलं नाही, उलट गडी हाताशी दिला आणि चहा मागवला. आढ्यावरचे कोने त्यांच्याकडं कमी होते, ते आम्ही खानापूरचे नवे घेतले. खानापूरची माती कौलाला नामी आहे, रंग थोडा गडद दिसतो एवढंच. काचेची दोन कौलं त्यांनी वर फुकट दिली.

आता तक्रार. टेम्पोत भाताचं पिंजर घालतो म्हणाले, घातलं नाही. चिकोडी रस्त्याच्या खड्ड्यांनी पन्नासेक कौलं गेली. फोन केला तर "गाडी सुटली की जबाबदारी तुमची." आणि बिल? वहीच्या पानावर 'जुनी कौलं' एवढंच, खाली सही. हे मी मंडळीच्या वार्षिक सभेत कसं ठेवायचं? हंगामाच्या सणाला कोंबड्या, भोपळे लिलावात काढून जमवलेला पैसा आहे, प्रत्येक रुपयाला विचारणारे मंडळीचे वडीलजन बसलेत. चार फोन केल्यावर पक्कं बिल आलं, त्यातही चर्चच्या नावाऐवजी माझं नाव.

छप्पर मात्र पहिल्या पावसात ठिबकलं नाही. जाताना आपलं एक जुनं कौल नमुन्याला न्या, टेम्पो आपला ठरवा. तिथंच एका पाडलेल्या बंगल्याची सागवानी कमानीची खिडकी पडली आहे. कुणाच्या चर्चला हवी असेल तर लवकर जा, 9 हजार सांगतात, 7 ला देतील.