पाठदुखीसाठी घेतलेली कामाची खुर्ची: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

दिवसभर संगणकावर काम असल्यामुळे दुपारनंतर कमरेच्या खालच्या भागात कळ येऊ लागली. डॉक्टरांनी तपासून गंभीर काही नसल्याचे सांगितले आणि बसण्याकडे लक्ष द्यायला सुचवले, म्हणून मी ही खुर्ची घेतली. पाठ जाळीची, आसन फोमचे, कमरेचा आधार वरखाली होणारा आणि आसन पुढेमागे सरकवण्याची सोय, अशी तिची रचना आहे. इतक्या महिन्यांनंतर माझे ठाम मत झाले आहे की, पाठदुखी असलेल्या माणसाने खुर्चीत सर्वप्रथम आसनाची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी, पाहावी. कमरेच्या आधाराचा विचार त्यानंतर करावा.

याचे कारण असे की, आसन मांडीच्या लांबीपेक्षा खोल असेल, तर त्याची पुढची कड गुडघ्यामागे रुतते, माणूस नकळत पुढे सरकतो आणि पाठ टेकतच नाही. मग कटिभाग, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, मागे कलंडतो, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि खुर्चीला कितीही उत्तम आधार असला तरी तो पाठीपर्यंत पोहोचत नाही. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर आसनाची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज मावली पाहिजेत. माझी उंची कमी असल्यामुळे मला आसन अगदी आत घ्यावे लागले. ही सोय नसती, तर ही खुर्ची माझ्या उपयोगाची नव्हती.

कमरेचा आधार साधारण पट्टा बांधतो त्या उंचीवर आणल्यावर तो योग्य ठिकाणी लागला. सुरुवातीला तो टोचत असे. एक खाच खाली घेतल्यावर टोचणे थांबले.

खरा फरक मात्र पाठ मागे कलण्याच्या सोयीमुळे पडला. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधाराशिवाय बसताना तो उभे असतानापेक्षा जास्त आढळला होता. पुढच्या काही मोजमापांत हा फरक तितका मोठा दिसला नाही. मात्र पाठ मागे कलवून टेकल्यावर चकतीवरचा भार कमी होतो, हे त्यांतही दिसले. म्हणून काटकोनात ताठ बसण्याचा अट्टाहास मी ठेवत नाही. कलण्याचा लॉक उघडाच ठेवते आणि आसनाखालची ताणाची गोल मूठ अशी बसवून घेतली आहे की, पाठीने हलकेच रेटले तर खुर्ची मागे जाते आणि वजन पुढे घेताच परत येते. मागे कलताना पाठीच्या मानाने आसन थोडेच तिरके होते, त्यामुळे पाय जमिनीवरून उचलले जात नाहीत. वाचताना आणि फोनवर बोलताना मी मागे कललेली असते, टंकलेखन करताना पुढे येते. या सततच्या हालचालीमुळेच दुपारची कळ आता क्वचितच येते, असे मला वाटते. तरीही कामाच्या नादात तासन्‌तास उठले नाही, तर कंबर धरतेच.

उणिवाही सांगायला हव्यात. हातटेके फक्त वरखाली होतात, आत वळत नाहीत. कोपराच्या उंचीला ठेवले की टेबलाच्या कडेला अडतात आणि खुर्ची पुरेशी पुढे जात नाही. आता ते पूर्ण खाली करून मी टेबलावरच हात टेकते. डोके टेकवायची उशी माझ्या उंचीला मानेऐवजी डोक्याच्या मागे लागते, म्हणून ती काढून ठेवली आहे. मध्यंतरी मागे कलताना करकर आवाज येऊ लागला होता. आसनाखालचे स्क्रू ॲलन कीने घट्ट केल्यावर तो गेला. फोम मधोमध किंचित दबला आहे, पण अजून खालची फळी लागत नाही. वजन जास्त असणाऱ्यांनी मात्र घेण्यापूर्वी कमाल वजनमर्यादा पाहावी आणि शक्य असल्यास दुकानात निदान अर्धा तास बसून पाहावे, कारण आसनाची कड रुतते की नाही हे पाच मिनिटांत कळत नाही.