यूडिस्की : पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडतो, पण मागचं सगळं धड असेल तरच

पेनड्राइव्ह लावला, त्याचा लाइट लुकलुकला, आणि स्क्रीनवर ढिम्म काही नाही. हे मी दोन महिने चालवून घेतलं कारण मला टर्मिनलमध्ये कमांड देऊन हाताने माउंट करायची (म्हणजे ड्राइव्ह सिस्टमला जोडून फोल्डरसारखा उघडायची) सवय झाली होती, पण घरातलं दुसरं कोणी त्याच कॉम्प्युटरवर बसलं की दर वेळी हाक यायची, "ये रे जरा, तुझी ती काळी खिडकी उघड". शेवटी कंटाळून यूडिस्की टाकलं, लिनक्सवर पेनड्राइव्ह आपोआप माउंट करून देणारा प्रोग्रॅम. आता वर्ष होत आलंय, रोज वापरतोय, म्हणून लिहितो.

आधी हे सांगतो की हे सगळ्यांसाठी नाही. तुम्ही लिनक्सवर ग्नोम किंवा केडीईसारखा पूर्ण डेस्कटॉप वापरत असाल तर याची गरजच नाही, त्यांची स्वतःची सोय आहे, फार तर सेटिंगमध्ये एक टिक राहिलेली असते (केडीईत नवीन ड्राइव्ह आपोआप माउंट करायचं सेटिंग वेगळं शोधून चालू करावं लागतं). यूडिस्की आहे ओपनबॉक्स, आयथ्री, स्वे असलं काहीतरी वापरणाऱ्या लोकांसाठी, जिथे नुसता विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) असतो आणि बाकी सगळं आपलं आपण जोडायचं. मी आधी एक्सएफसीई या डेस्कटॉपवर होतो, तिथे थुनार-वॉलमॅन (थुनार या फाइल मॅनेजरचं ड्राइव्ह सांभाळणारं जोड-पॅकेज) हे काम करायचं. ओपनबॉक्सवर आलो तेव्हा थुनार आणि वॉलमॅन दोन्ही टाकले, सेटिंगमध्ये जाऊन दिसेल तिथे टिक मारली, तरी काही होईना, आणि नंतर डोक्यात प्रकाश पडला की थुनार मागे डेमन म्हणून (न दिसता सतत) चालू असेल तरच वॉलमॅनला कळणार की काहीतरी लावलंय. एक्सएफसीईत ते सेशनबरोबर आपोआप सुरू होतं, ओपनबॉक्समध्ये ते ऑटोस्टार्टमध्ये मीच लिहायला हवं होतं. शिवाय ते फक्त चालू मशीनला लावलेल्या ड्राइव्हकडे बघतं, हार्डडिस्क आधीच जोडून मग मशीन चालू केलं तर ती तशीच पडून राहते. यूडिस्की सुरू होतानाच आधीपासून जोडलेलं काय काय आहे ते बघून माउंट करतं, आणि मला नेमकं हेच हवं होतं.

आता मुद्द्याचं. यूडिस्की स्वतः काहीच माउंट करत नाही. पायथनमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम आहे, तो नुसता लक्ष ठेवून बसतो आणि नवीन काही आलं की यूडिस्क्स२ नावाच्या सर्व्हिसला सांगतो की बाई हे माउंट कर. यूडिस्क्स२ मग पोलकिटला (परवानग्या ठरवणाऱ्या सर्व्हिसला) विचारते की या माणसाला परवानगी आहे का, आणि हो म्हटलं की कर्नलमधला त्या फाइलसिस्टमचा ड्रायव्हर वापरून ड्राइव्ह रन-मीडियाच्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये (काही डिस्ट्रोंवर नुसत्या मीडियाच्या आत) दिसायला लागतो. म्हणजे साखळी एवढी लांब, आणि यात कुठलीही कडी तुटली की आपण शिव्या कोणाला घालणार तर दारात उभ्या असलेल्या यूडिस्कीला. मीही घातल्या.

आणि म्हणूनच मला हे आवडलं, कारण ते एरर लपवत नाही. ऑटोस्टार्टमधून बंद करा, टर्मिनलमध्ये उणे-व्ही (सविस्तर सांग) लावून चालवा आणि मग पेनड्राइव्ह लावा, आतून जो निरोप आला असेल तो जसाच्या तसा समोर टाकतं. आधी नुसता एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) चालवून ड्राइव्ह दिसतोय का बघायचं, दिसत नसेल तर भानगड बहुतेक वेळा पोर्टची, केबलची किंवा पेनड्राइव्हचीच, तिथे यूडिस्की काही करू शकत नाही. दिसत असेल तर यूडिस्क्स-सीटीएल या कमांडने हाताने माउंट करून बघायचं, सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) न लावता. सुडो लावलं की सगळंच चालतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. मी दोन महिने हेच करत होतो आणि मला वाटायचं की माझं बाकी सगळं ठीक आहे!

सुडो काढल्यावर उत्तर आलं, परवानगी नाही. पोलकिटचा साधा हिशोब असा की मशीनसमोर प्रत्यक्ष बसलेल्या, ज्याचं सेशन आत्ता ॲक्टिव्ह आहे त्या माणसाला पेनड्राइव्ह माउंट करायला पासवर्ड लागत नाही. माझं सेशन ॲक्टिव्ह नव्हतं. का नव्हतं? कारण मी लॉगिन करायचो पहिल्या टीटीवायवर (लिनक्सचे असे अनेक वेगवेगळे पडदे असतात) आणि जुन्या कुठल्यातरी स्क्रिप्टमुळे एक्स, म्हणजे ग्राफिकल स्क्रीन, सुरू व्हायचं सातव्यावर, मग लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या लॉगिनडीच्या लेखी मी पहिल्यावरून उठून गेलेलो माणूस. लॉगिन-सीटीएलमध्ये सेशन काढून बघितलं तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, ॲक्टिव्ह : नो. एक्स ज्या टीटीवायवर लॉगिन केलं तिथेच चालू केलं आणि दुसऱ्या मिनिटाला पेनड्राइव्ह उघडला. यासाठी नेटवर लोक पोलकिटच्या नियमांची जावास्क्रिप्ट फाइल चिकटवायला सांगतात, त्यानेही चालतं, पण आधी सेशन तपासा राव. आणि हो, पोलकिटचा एजंटही (पासवर्डची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा, एलएक्स-पोलकिट वगैरे काहीही, नाहीतर पासवर्ड विचारायची वेळ आली तर विचारणारं कोणी नसतं आणि थेट नकार येतो.

दुसरी गंमत एफएस-टॅब फाइलची, म्हणजे कुठली डिस्क कुठे माउंट करायची ते लिहिलेल्या फाइलची. एक पेनड्राइव्ह नीट चालायचा आणि दुसरा हटकून रुसायचा, तोही लावायच्या क्रमानुसार, म्हणजे आधी हा लावला तर हा रुसणार आणि तो लावला तर तो. मला भुताटकी वाटायला लागली होती. निघालं काय, तर पेनड्राइव्हवरून सिस्टम टाकताना इन्स्टॉलरने त्याच पेनड्राइव्हची एक ओळ एफएस-टॅबमध्ये कायमची लिहून ठेवलेली, एसडीबी-१ या नावाने. त्यानंतर जो कोणी पहिला येईल त्याला तेच नाव मिळायचं, आणि एफएस-टॅबमध्ये नोंद असली की यूडिस्क्स२ आपलं नेहमीचं सोडून त्या ओळीप्रमाणे वागायला जातं. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही, आणि भूत उतरलं.

बाकी दोन कारणं पटकन सांगतो. रोलिंग डिस्ट्रो (सतत नवीन अपडेट येत राहणारं लिनक्स) असेल, कर्नल अपडेट केला आणि मशीन रीस्टार्ट केलं नाही तर चालू कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरच्या फाइल) डिस्कवरून उडालेले असू शकतात, मग सरळ म्हणतं की व्हीफॅट ही पेनड्राइव्हवरची नेहमीची फाइलसिस्टम मला माहीत नाही. घाबरू नका, रीस्टार्ट करा. आणि विंडोजमधून आलेली एनटीएफएस हार्डडिस्क माउंट होत नसेल तर बहुतेक वेळा ती तिकडून नीट बंद न करता उपटलेली असते. कर्नल ५.१५ पासून आलेला एनटीएफएस-३ ड्रायव्हर असली डर्टी खूण असलेली डिस्क जबरदस्ती केल्याशिवाय घेत नाही, आणि माझ्या मते बरोबरच करतो. परत विंडोजला लावून तपासून घेणं सगळ्यात सेफ. एक्सफॅट या फाइलसिस्टमची कटकट मात्र आता संपली, ५.७ पासून कर्नलमध्येच चांगला ड्रायव्हर आहे, वेगळं पॅकेज शोधत बसायचे दिवस गेले.

वापरताना मात्र मला माउंटपेक्षा अनमाउंटची सोय जास्त कामाला आली. फाइल कॉपी केली, पट्टी भरली, झालं असं वाटतं, पण लिनक्स तो डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि पेनड्राइव्हवर मागून सावकाश लिहीत बसतं, त्यामुळे पट्टी भरली म्हणून उपटलात तर सिनेमा अर्धा. यूडिस्कीच्या ट्रे आयकॉनवरून अनमाउंट केलं की लिहिणं पूर्ण झाल्यावर नोटिफिकेशन येतं, घरच्यांना एवढंच शिकवलं की तो निरोप आल्याशिवाय हात लावायचा नाही. जुना पेनड्राइव्ह असेल तर चांगला वेळ लागतो, तेव्हा हँग झालंय म्हणून ओढू नका. टार्गेट बिझी आलं तर एलएस-ओएफने बघा कोण धरून बसलंय, माझ्याकडे दहातल्या नऊ वेळा मीच असतो, दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरमध्ये बसलेला.

न आवडलेलं पण आहे. सेटिंगची खिडकी नाही, सगळं एका यॅमल फाइलमध्ये (सेटिंग लिहायची एक साधी टेक्स्ट फाइल) हाताने लिहायचं, आणि यॅमलमध्ये एक स्पेस इकडची तिकडे झाली की बोंब. बॅकअपची डिस्क आपोआप माउंट होऊ नये म्हणून तिची यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) टाकून ऑटोमाउंट फॉल्स लिहायला मला अर्धा तास लागला, त्यातली पंचवीस मिनिटं स्पेस मोजण्यात गेली. ट्रे आयकॉन मुळात बंद असतो, उणे-एस दिलं की ड्राइव्ह असेल तेव्हाच दिसतो, आणि वेलँडच्या (एक्सच्या जागी आलेल्या नव्या ग्राफिक्स पद्धतीच्या) काही पॅनलवर ॲप-इंडिकेटरचा ऑप्शन दिल्याशिवाय येतच नाही. नोटिफिकेशनचा डेमन वेगळा टाकावा लागतो ते वेगळंच. लक्सने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कला पासवर्डची खिडकी मात्र छान देतं, तिथे तक्रार नाही.

आणि एक, वॉलमॅन आणि यूडिस्की दोन्ही चालू ठेवू नका. दोघं एकाच पेनड्राइव्हवर धावतात, एकाला मिळतो आणि दुसरा "आधीच माउंट आहे" म्हणून एरर फेकतो, आणि आपण परत एक संध्याकाळ काहीतरी बिघडलंय म्हणून शोधत बसतो. यूडेव्हच्या (नवीन हार्डवेअर ओळखणाऱ्या सर्व्हिसच्या) नियमात माउंटची कमांड लिहायचा जुगाडही करून झालाय, तो वेगळ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे आपल्यापासून अलग ठेवलेल्या कप्प्यात, चालतो त्यामुळे माउंट झालं तरी आपल्याला दिसत नाही, सोडा तो नाद.

पाचपैकी चार देतो. एक यॅमलचा कापला. "काळी खिडकी उघड" ही हाक मात्र बंद झालीये, आता हाक येते ती प्रिंटरसाठी.