टर्बो पोलोचं ट्यूनिंग: बॉक्स, तयार फाइल आणि कुंभार्ली घाट

टर्बो पेट्रोल गाडीचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याला आधी पीएस, म्हणजे ताकद, किती वाढेल ते विचारू नका. लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदवलेले इंजिनाचे आकडे, मागणार का, ते विचारा. "काही गरज नाही, आमची फाइल टेस्टेड आहे" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. चिपळूणला राहून, एकाच गाडीवर तीन प्रकार वापरून झाल्यावर माझं हे ठाम मत झालंय.

गाडी २०२१ची फोक्सवॅगन पोलो, एक लिटर टीएसआय, तीन सिलिंडर, सहा गियरची मॅन्युअल. कागदावर ११० पीएस आणि १७५ न्यूटनमीटर. हायवेला ही गाडी रत्न आहे. पण माझी सासुरवाडी कराडची, त्यामुळे कुंभार्ली घाट कायमचा मागे लागलेला. पोफळी सोडली की चढ सुरू होतो. घरची चार माणसं, डिकीत आंब्याची पेटी नाहीतर तांदळाचं पोतं, वर एसी. पुढे उसाचा किंवा जांभ्या दगडाचा ट्रक असतोच. वळणावर दुसऱ्या गियरमध्ये आरपीएम चौदाशेवर येतो आणि टर्बो भरेपर्यंत गाडी नुसती थांबून राहते. पहिला टाकावा तर झटका बसतो, दुसऱ्यावर ठेवावी तर हाफ क्लच. मला हवा होता तो पंधराशे ते पंचवीसशेमधला जोर. ताशी दोनशेच्या वेगाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

मी लोटे एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. दिवसभर प्रेशर ट्रान्समीटर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्यातच असतो. त्यामुळे पहिल्या प्रकाराबद्दल माझं मत कडक आहे, ते आधीच सांगतो.

पहिला प्रकार म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. भाच्याने स्वतःच्या गाडीसाठी घेतला होता, त्याच्याकडून उसना आणून लावला. बसवायला अर्धा तास पुरतो: बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचं कनेक्टर काढायचं आणि मध्ये बॉक्स जोडायचा. बॉक्स ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, खरा दाब कमी करून सांगतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून तो टर्बोकडून आणखी दाब मागतो. आमच्या प्लांटमध्ये कोणी ट्रान्समीटरचं रीडिंग असं मुद्दाम खाली पाडलं तर त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढतील. पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. या इंजिनात ईसीयू स्पार्क कधी द्यायचा ते लोड बघून ठरवतो आणि लोडचा अंदाज याच दाबावरून बांधतो. दाब कमी दिसला की तो समजतो लोड हलका आहे आणि स्पार्क लवकर देतो. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये हवा जास्त भरलेली असते, म्हणजे तिथे स्पार्क उशिरा हवा. चूक नेमकी उलट्या दिशेने होते. मग नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड, सुरू होते. नॉक सेन्सर ती पकडतो आणि ईसीयू टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे खेचतो.

सपाट रस्त्यावर बॉक्सने मजा आली, हे मान्य. सावर्ड्याच्या पुढे चौपदरी मोकळी असेल तेव्हा ओव्हरटेकला गाडी सुरेख ओढायची. घाटात मात्र पिकअप कधी यायचा, कधी जायचा. कोणत्या वळणावर गाडी काय देईल याचा भरवसा नाही, आणि दरीच्या कडेला मला तो भरवसा सगळ्यात आधी लागतो. कॉमन रेल डीझेलमध्ये बॉक्सचं गणित वेगळं असतं. तिथे स्पार्कच नाही, त्यामुळे टायमिंगची ही भानगड या रूपात येत नाही. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सने डीझेलट्रॉनिक नावाचा असा बॉक्स काढला होता आणि डीझेलवाल्यांमध्ये तो बऱ्यापैकी खपला. पेट्रोल टर्बोमध्येही सगळे बॉक्स एका दर्जाचे नसतात. अमेरिकेच्या बर्गर मोटरस्पोर्ट्सचा जेबी४ गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून आपसात बोलतात त्या कॅन लाइनवरून इतर आकडे वाचतो, म्हणजे तो निदान डोळे उघडे ठेवून काम करतो. माझ्या हातात आला तो साधा बॉक्स होता.

दुसरा प्रकार तयार फाइल, म्हणजे ज्याला सगळे स्टेज वन म्हणतात. यात ईसीयूमधला मॅपच, म्हणजे बूस्ट-स्पार्कच्या आकड्यांचा तक्ता, बदलतात, गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी पोर्टमधून. रत्नागिरी–चिपळूण भागात ठरावीक दिवशी फेरी मारणाऱ्या एका ट्यूनरकडून टाकून घेतली. आवडली नाही तर मूळ फाइल परत आणि पैसे परत, असं आधीच ठरलं होतं. पट्टी पंचवीस हजार. त्याने बॅटरीला चार्जर न लावताच फ्लॅशिंग सुरू करायला घेतलं, तेव्हा मीच थांबवून घरचा चार्जर जोडला. फाइल लिहिली जात असताना रेडिएटरचा पंखा पूर्ण जोरात फिरायला लागतो, मीटरमधले एअरबॅग, एबीएस, ईपीसी असे सगळे दिवे एकदम लागतात आणि स्टिअरिंग जड होतं. त्या काही मिनिटांत व्होल्टेज खाली गेलं आणि लिहिणं अर्धवट राहिलं तर गाडी जागची हलणार नाही. ज्या ट्यूनरला चार्जरचं महत्त्व वाटत नाही, त्याच्या फाइलमधल्या बाकीच्या आकड्यांवर किती विश्वास टाकायचा?

त्याच्या कागदावर १३५ पीएस आणि २१० न्यूटनमीटर लिहिलं होतं. थंड सकाळी बहादूरशेख नाक्यावरून निघालो तेव्हा ते खरंही वाटलं. मग त्याच पोर्टमध्ये ओबीडीइलेव्हन हा छोटा रीडर लावून घाटात लॉग घेतला. एप्रिलची दुपार, आमच्याकडची चिकट हवा, पंपावरचं साधं पेट्रोल. चढाच्या पहिल्या भागात आत जाणाऱ्या हवेचं तापमान ४८ अंश. पुढे ट्रकच्या मागे रखडत दोन वळणं गेल्यावर ६३. तिथून पाय दाबला तर २२००च्या आसपास दुसऱ्या सिलिंडरचं टायमिंग सहा अंश मागे गेलेलं, पहिल्याचं साडेचार. म्हणजे फाइलने बूस्ट वाढवला, गरम हवेत नॉक आला, ईसीयूने टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवलं, आणि वाढवलेली ताकद तिथल्या तिथे संपली. पेट्रोल जाळलं, गरमी वाढवली, हाती काही नाही. तापल्या इंजिनावर गाडी मूळ मॅपपेक्षाही मंद वाटायची.

विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, शंभर ऑक्टेन टाका." इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे तसलं पेट्रोल बाजारात आणलं ते डिसेंबर २०२० मध्ये, दहा मोठ्या शहरांत. त्यात आपल्याकडची मुंबई आणि पुणे. चिपळूणच्या माणसाने कराडला जायला आधी पुण्याला जाऊन टाकी भरायची का? जी फाइल गावच्या पंपावरच्या पेट्रोलवर चालत नाही, ती आपल्यासाठी नाही. शिवाय पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत गेलंय. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला ९, म्हणजे मिश्रणात इथेनॉल जितकं जास्त तितकं इंधन जास्त टाकावं लागतं. ईसीयू एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बघून हे जुळवून घेतो, पण जुळवून घ्यायलाही मर्यादा असते. जुनी, कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या पेट्रोलवर बेतलेली फाइल ती मर्यादा आधीच खाऊन बसलेली असते. ठरल्याप्रमाणे त्याने मूळ फाइल परत टाकली, पैसेही दिले. त्या बाबतीत माणूस शब्दाचा पक्का.

तिसरा प्रकार लॉग बघून केलेला रीमॅप. पुण्याचा ट्यूनर, अडतीस हजार. फोनवर पहिलंच वाक्य होतं, "दादा, फाइलचं नंतर बघू. आधी गाडी जशी आहे तसे लॉग पाठवा, आणि पेट्रोल नेहमीच्याच पंपावरचं." मग प्लग कधी बदलले, ऑइल कुठलं, क्लच किती किलोमीटरचा, ही चौकशी. तिसऱ्या गियरमध्ये पंधराशेपासून एकसलग ओढ, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारीशेजारी, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग, हवेचं तापमान, लॅम्डा. लॅपटॉपवरचं व्हीसीडीएस सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, ओबीडीइलेव्हनचे लॉगही त्याने चालवून घेतले. जो माणूस आधी मूळ रीडिंग नोंदवून मग कॅलिब्रेशनला हात घालतो, त्याच्याशी माझं लगेच जमलं.

पहिली फाइल त्याने मुद्दाम सौम्य दिली. मी घाटातले लॉग पाठवायचे, त्याने सुधारून पाठवायचं, असं काही आठवडे चाललं. शेवटी जे बसलं ते कागदावर तयार फाइलपेक्षा कमी आहे: साधारण १२५ पीएस आणि १९५ न्यूटनमीटर. पण ते घाट संपेपर्यंत टिकतं. हवा पन्नास अंशांच्या वर गेली की बूस्ट हळूहळू कमी होतो, नॉक येण्याची वाट बघत नाही. त्याच वळणांवर, तेवढ्याच माणसांनिशी, टायमिंग आता दीड अंशाच्या पलीकडे मागे जात नाही. सतराशेपासून गाडी हात धरून वर नेल्यासारखी ओढते आणि वळणावर दुसरा गियर पुरतो. माझी बायको ही गाडी माझ्याइतकीच चालवते. तिला न सांगता फाइल बदलली होती. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आज क्लचचा वास आला नाही." मला एवढंच हवं होतं.

आणखी एक गोष्ट त्याने केली जी तयार फाइलमध्ये नव्हती. पाचव्या-सहाव्या गियरमध्ये दोन हजारांच्या खाली त्याने टॉर्कवर लगाम ठेवला. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएमवर जोराचा भार पडला की कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनचं नुकसान होतं. शिवाय मूळ क्लच वरच्या गियरमध्ये घसरायला लागतो. डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक, गियरबॉक्सवाल्यांनी तर हे आधी बघावं. जुन्या १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमधल्या सात गियरच्या ड्राय क्लच डीक्यू२००ची क्षमता २५० न्यूटनमीटर आहे. फाइल विकणारा त्याच्या जवळचा आकडा अभिमानाने सांगत असेल तर क्लच पॅकचं बिल कोण भरणार, तेही त्यालाच विचारा.

अमेरिकेतल्या मंडळींना कोबचं ॲक्सेसपोर्ट मिळतं. हातात मावेल एवढं यंत्र, त्यात मॅप साठवलेले, लॉगही तेच घेतं, मालक स्वतःच फाइल बदलतो. मला ती पद्धत मनापासून आवडते, कारण गाडीची सूत्रं मालकाच्या हाती राहतात. पण ते ठरावीक सुबारू, फोर्ड, गोल्फ अशा गाड्यांसाठी आहे. आपल्या एक लिटर टीएसआयला ते नाही. आणि एमिशनच्या नियमांपायी कोबलाही २०२२ मध्ये आपल्या मॅपमधून बऱ्याच सोयी काढाव्या लागल्या. म्हणून स्टेज टूच्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला सांगणाऱ्यापासून लांब राहा. माझा कन्व्हर्टर जागेवर आहे आणि पीयूसी आधीसारखीच मिळते.

वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीच करू नका. फोक्सवॅगन गटाच्या सर्व्हिस सेंटरच्या सिस्टिमला ईसीयूचा बदललेला मॅप कळला तर गाडीवर टीडी१ असा शेरा पडतो आणि इंजिन-गियरबॉक्सच्या वॉरंटीवर त्यानंतर पाणी सोडावं लागतं. मूळ फाइल परत टाकली तरी फ्लॅश किती वेळा झालं त्याची मोजणी ईसीयूत राहते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. विमा कंपनीला मी लेखी कळवलं, प्रीमियम थोडा वाढला. ते न कळवता घाटात अपघात झाला तर क्लेम अडकू शकतो.

ॲव्हरेजमध्ये फरक पडलेला नाही. कराडला जाऊन-येऊन आधी सोळाच्या आसपास मिळायचं, आताही तेवढंच. "ॲव्हरेज वाढेल" असं सांगून पेट्रोल टर्बोचा रीमॅप विकणाऱ्याचं मनावर घेऊ नका. प्लग मात्र आता कंपनीच्या वेळापत्रकाच्या आधीच बदलतो.

पैसे देण्यापूर्वी तुमच्या ईसीयूतून वाचलेली मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. सर्व्हिसला गाडी दिली की "सॉफ्टवेअर अपडेट करू नका" असं जॉबकार्डवरच लिहून घ्या, नाहीतर तिथला अपडेट रीमॅप पुसून टाकतो. माझ्या ट्यूनरने तसं झालं तर वर्षभर फुकट परत टाकून देण्याचं लेखी दिलंय. पुण्याला जायचं भाडं आपलं.